कुंडीच्या तळाचे थर्माकोल

कुंडीच्या तळाशी खापऱ्यांऐवजी पॅकिंगचे थर्माकोल घातले, तर ऑर्किडच्या मुळांपासून पाणी लवकर निघून जाते का, हा प्रश्न मी सोडवायला घेतला होता. त्याचे उत्तर मला जेवढे मिळाले तेवढे येथे लिहीत आहे. उत्तर अर्धे आहे. ते अर्धेच का राहिले हे सांगायचे, तर माझ्या थोरल्या बहिणीपासून सुरुवात करावी लागेल, कारण झाडे तिची होती.

मी पांढुर्ण्याला माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवत असे. आता निवृत्त आहे आणि एकटी राहते. बहीण सौंसर तहसिलीत, रामाकोन्याजवळ, संत्र्याच्या बगीच्यातल्या घरात राहत होती. त्यांना मूल झाले नाही. घरात ती आणि माझे भाऊजी, दोघेच.

तिला फुप्फुसे हळूहळू कडक होत जाण्याचा आजार होता. तपासणीसाठी नागपूरला न्यावे लागे. परतताना रस्त्यावर एक नर्सरी लागते. तिथे ती गाडी थांबवायला लावी, खाली न उतरता काचेतून बोट दाखवी, आणि भाऊजी उतरून तिने दाखवलेले ऑर्किड घेऊन येत. प्रत्येक तपासणीनंतर एक, असा तिचा नियमच झाला होता. भाऊजींनी आयुष्यभर संत्र्याची झाडे वाढवलेली. त्यांना हा खर्च कळत नसे. गाडीत मी मागे बसलेली असे, आणि पुढच्या सीटवर दोघांचे चाललेले असे.

"फळ येते का याले?"

"नाई येत."

"मंग सावली?"

"नाई."

"मंग कायले पोसाचं?"

"तुम्हाले पोसलंच ना मी," ती म्हणाली, आणि हसताना तिला ठसका लागला.

शेवटच्या खेपेला तिने जे झाड घेतले त्याला दांडी आलेली होती आणि दांडीवर कळ्या होत्या. घरी पोचल्यावर त्या एकेक करून पिवळ्या पडल्या आणि गळाल्या. ऑर्किडची जागा एकदम बदलली की असे होते, विशेषतः उन्हात तापलेल्या गाडीतून आणल्यावर. मी तिला हे कारण समजावून सांगितले. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, "ते ठीक हाये. पण फूल पाहाचं होतं."

भाऊजी दारात उभे होते. म्हणाले, "फुलवून दाखवतो तुले. एवढा बगीचा फुलवला, हे बित्तंभर काय चीज हाये?"

"तुम्ही पाहा फक्त. हात नका लावजा."

भाद्रपदात ती गेली. झाड त्या वेळी नुसत्या पानांवर होते. तेव्हा वाचकांनी एवढे लक्षात ठेवावे की, मी पुढे पाणी, मुळे, कुंड्या यांविषयी काहीही लिहिले तरी भाऊजींचा प्रश्न एकच होता. त्यांनी शब्द दिला होता, आणि ते झाड फुलायला हवे होते.

आता खोक्याविषयी. बहिणीला हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणारे मशीन लागू लागले, तेव्हा ते मी मागवले. पार्सल पांढुर्ण्यापर्यंतच येत होते, म्हणून ते माझ्या घरी आले. फोनवर विक्रेत्याने बजावून सांगितले की गॅरंटी संपेपर्यंत खोका आणि आतले थर्माकोल सांभाळून ठेवा, त्याशिवाय मशीन वापस घेता येणार नाही. आपल्याकडे हे वेगळे सांगावे लागत नाही. मिक्सर, पंखा, टीव्ही, प्रत्येक वस्तूचा खोका वस्तूच्याही पलीकडे घराच्या सज्ज्यावर, छताखालच्या माळ्यावर, जगतो. या खोक्यालाही मी सज्ज्यावर जागा केली. मशीन गोधडीत गुंडाळून जीपने रामाकोन्याला नेले. खोका मागे राहिला.

ती गेली त्या दिवशी घर बायकांनी भरले होते. त्या रडत होत्या. मी पाण्याच्या हंड्यावर झाकण ठेवत होते, कारण कोणीतरी सारखे ते काढून ठेवत होते. तेराव्यापर्यंत मी तिथे राहिले. नंतर पांढुर्ण्याला येऊन घर झाडले. मला काही वाटत नव्हते. डोळे कोरडे होते, भूक लागत होती, झोप लागत होती. ही तक्रार म्हणून लिहीत नाही. ज्या परिस्थितीत काम सुरू झाले तिची नोंद असावी, म्हणून लिहिते.

संक्रांतीच्या सुमारास मी रामाकोन्याला गेले. त्या वर्षी सण नव्हता. फाटकातून आत शिरताना मशीनचा आवाज ऐकू आला. तो आवाज ज्यांनी ऐकला आहे त्यांना तो वेगळा ओळखू येतो: घरघर, आणि ठरावीक वेळाने एक सुस्कारा. माझी चाल आपोआप जलद झाली. खोलीत पलंग मोकळा होता. चादर ताणून घातलेली. मशीन सुरू होते आणि त्याची नळी उशाशी गुंडाळून ठेवलेली होती.

"कोणासाठी लावलं, भाऊजी?"

"कोणासाठी नाई."

"मग?"

"आवाज येते. तेवढंच."

मी बटण बंद केले नाही. छपरीत, म्हणजे पुढच्या ओसरीत, आले. तिथे चार कुंड्या होत्या. दोन कुंड्यांतली झाडे पावसातच गेली होती. पन्हाळीचे पाणी थेट त्यांच्यावर पडत असे आणि कुंड्या सरकवायचे कोणाच्या लक्षात आले नाही. उरलेल्या दोन्हींत रुंद पानांची, एकाच जातीची झाडे होती. त्यांची पाने जुन्या पाकिटासारखी सुरकुतली होती.

"पाणी कधी घातलं होतं?"

"ताण देऊन राहिलो."

बाहेरगावच्या वाचकांसाठी हे सांगायला हवे. आमच्या भागात संत्र्याचा आंबिया बहार धरायचा, तर हिवाळ्यात झाडाचे पाणी तोडतात. जमिनीला भेगा पडतात, पाने मलूल होतात. मग योग्य वेळी पाणी सोडले की झाड फुलांनी भरून जाते. याला ताण देणे म्हणतात. भाऊजी हे काम वडिलांच्या हाताखाली शिकले होते, आणि त्यांचा ताण कधी चुकत नाही असे आजूबाजूचे लोक म्हणत. त्यांनी तोच ऑर्किडला दिला होता.

"भाऊजी, हे मरते."

"संत्र्याचं झाड बी असंच दिसते वं ताणात. पानं लोळली का समजाचं, बहार पक्का."

"संत्र्याची मुळं खोल असतात. खालची ओल त्यांना पुरते. याची मुळं कुठे आहेत, पाहा." मी झाड अलगद हलवून पाहिले. ते हललेच नाही. कुंडीत काळी माती होती, सुकून दगड झालेली. "ही माती कोणी घातली?"

"मी. आधी निस्ता कचरा होता त्यात. नारळाची सालटं अन् कोळसे. दुकानवाल्यानं फसवलं तिले. वावरातली चांगली माती देल्ली मी."

"ताईने घालू दिली?"

"ती कुठं होती तेव्हा?"

काळी माती ओली असताना लोण्यासारखी चिकटते आणि वाळली की विटेसारखी आवळते. ऑर्किडची ही जात रानात झाडाच्या सालीला धरून वाढते, तिच्या मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. परतीच्या पावसात ती मुळे गुदमरली होती आणि हिवाळ्यात आवळली गेली होती. मी एवढेच म्हटले की दोन्ही कुंड्या मी नेते.

भाऊजींनी त्या स्वतः पिशवीत ठेवल्या. त्यांपैकी कड फुटलेल्या कुंडीवर बोट ठेवून म्हणाले, "हे तिचं. कळ्यावालं. फूल येईन तेव्हा इथं आलं पाह्यजे."

पांढुर्ण्याला आल्यावर मी दोन्ही झाडे कुंडीसकट पाण्यात भिजत ठेवली. माती सुटली. कुजलेली मुळे दाबल्यावर रिकाम्या सालीसारखी चपटी होत, ती कापली. निरोगी मुळे टणक होती. ती ओळखायला सोपी असतात: कोरडी असताना चांदीच्या रंगाची, भिजली की हिरवी. कापलेल्या जागी हळद लावली. नारळवाल्याकडून सालटे आणली, त्यांचे तुकडे करून भिजवून धुतले. इस्त्रीवाल्याकडून कोळसा मिळाला. आता तळाशी काय घालायचे हे ठरवायचे होते.

आपल्याकडे तळाशी कवेलूचे, म्हणजे छपराच्या कौलाचे, तुकडे घालतात. कवेलू जड असते. माझा उजवा खांदा दुखतो आणि कुंड्या खिडकीच्या गजांना टांगायच्या होत्या. नर्सरीत फोन केला तेव्हा तिथल्या माणसाने सांगितले की थर्माकोल घाला, हलके असते, पाणीही लवकर निघते. पहिली गोष्ट मला मान्य होती. दुसरी तपासल्याशिवाय मान्य करण्याची मला सवय नाही. प्रश्न असा निर्माण झाला.

तपासायचे तर दोन कुंड्या हव्यात, सगळे सारखे हवे, आणि फरक एकच हवा. मुलांना हे मी वर्षानुवर्षे सांगितले होते. कुंड्या दोन होत्या. एका झाडाला थर्माकोल द्यायचे, एकाला कवेलू. बहिणीच्या झाडाला कवेलू दिले. कारण उघड होते: कवेलू अनेकांनी वापरलेले, खात्रीचे. ज्याची खात्री नाही ते मी तिच्या झाडाखाली घालणार नव्हते.

खोका सज्ज्यावरून काढला. आतल्या थर्माकोलचे दोन भाग होते, वरचा आणि खालचा. खालच्या भागात मशीनचा आकार उमटलेला होता: चाकांसाठी चार खळगे, नळीच्या तोंडासाठी एक. मी त्यात हात घालून पाहिला. मग तो मोडायला घेतला.

मोडण्याविषयी काही सूचना. तुकडा हाताने मोडावा, किसू नये. किसले की दाणे सुटतात, आणि ते साडीला, केसांना, भिंतीला चिकटतात. झटकल्याने जात नाहीत, ओल्या फडक्याने टिपावे लागतात. तुकडे सुपारीएवढे असावेत. मोडल्यावर चाळणीत हलवून सुटे दाणे काढून टाकावेत, नाहीतर ते पाण्याबरोबर खाली येऊन कुंडीची भोके बुजवतात. हल्ली काही पार्सलांत खायच्या पोंग्यांसारखे फुगीर, हलके तुकडे येतात. ते पिष्टाचे असू शकतात. एक तुकडा वाटीभर पाण्यात टाकून पाहावा. विरघळला, तर तो कुंडीत लापशी होईल, वापरू नये. ज्या थर्माकोलमधून औषधे किंवा फवारणीची रसायने आली असतील तेही नको. उरलेले जाळू नये, त्याचा धूर वाईट.

मोडताना थर्माकोल कुरकुरते. त्या आवाजाने माझे दात आंबले. दात आंबले हे जाणवले, म्हणून लिहिले. तेवढेच जाणवले होते.

पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट माझ्या ध्यानात यायला हवी होती ती आली नाही. ऑर्किडला पाणी देण्याची चांगली रीत म्हणजे कुंडी काही वेळ बादलीत बुडवून ठेवणे. थर्माकोलची कुंडी मी बुडवली, आणि तळाचे तुकडे वर उसळले. सालटे, कोळसा, झाड, सगळे पाण्यावर तरंगू लागले. सातवीच्या मुलाने सांगितले असते की हे होणार. मी सगळे पुन्हा भरले आणि बुंधा तारेने कुंडीला बांधला. तेव्हापासून त्या कुंडीला वरून पाणी घालू लागले, आणि नियम एकच राहावा म्हणून दुसरीलाही. वैशाखात वादळी वावधन सुटले तेव्हा हीच कुंडी हलकी म्हणून गजावर आपटत राहिली. कवेलूची आपल्या जागी स्थिर होती. हलकेपणाचे हे दोन तोटे माझ्या पाहण्यात आले.

पाण्याचे मोजमाप असे केले. दोन्ही कुंड्यांत सारखे पाणी ओतायचे, खालून गळलेले ताटात धरायचे आणि मोजपात्रात ओतून पाहायचे. अनेकदा केले. फरक सांगण्यासारखा नव्हता. थर्माकोल पाणी पीत नाही हे खरे, पण ते पाणी खेचूनही घेत नाही. पाणी अडते ते वरच्या सालट्यांत.

हे समजून घ्यायला घरातला स्पंज पुरतो. भिजवून तो तळहातावर आडवा धरा. टपकणे थांबू द्या. मग त्याच्याखाली खडे ठेवा. आणखी पाणी पडत नाही. आता तोच स्पंज उभा करा. लगेच थेंब पडू लागतात. म्हणजे पाणी किती निघेल हे भिजलेल्या थराच्या उंचीवर अवलंबून असते, त्याच्या खाली काय आहे यावर नाही. कुंडीच्या तळाशी थर घातला की वरच्या सालट्यांची उंची कमी होते आणि ओल मुळांच्या जवळ येते. तेव्हा नुसता तळाशी थर घालण्याचा उपयोग लोक समजतात तेवढा नाही. हे लक्षात आल्यावर मी थर्माकोल काढून सगळ्या सालट्यांत मिसळले. त्यानंतर मात्र कुंडी लवकर सुकू लागली, आणि पावसाळ्याच्या तोंडी त्या झाडाला हिरव्या टोकांची नवी मुळे फुटली. बहिणीच्या झाडालाही फुटली, थोडी उशिरा.

आषाढात भाऊजी पांढुर्ण्याला कामाने आले होते, ते घरी आले. चहा हातात घेऊनच खिडकीशी गेले.

"तिचं कोणतं?"

"ते, कड फुटलेलं."

"अन् थर्माकोल कोणत्यात हाये?"

"दुसऱ्यात."

"काहून?"

मी समजावून सांगितले. तुलना म्हणजे काय, एकच फरक का ठेवायचा, सगळे सांगितले. त्यांनी मध्ये तोडले नाही. मग कप खिडकीत ठेवला.

"मशीन तिची. खोका तिचा. अन् त्यातलं थर्माकोल तिच्याच झाडाले नाई. वा वं मास्तरीणबाई!"

"तिचं झाड जपावं म्हणूनच नाही दिलं, भाऊजी. कवेलूची खात्री आहे."

"शाळेत बी असंच करे का? एकाले पुस्तक देयाचं अन् एकाले नाई, पाहू म्हणा कोण पास होते?"

"ते वेगळं."

"काय वेगळं? दुसऱ्याची मुळं लवकर निंगाली, हे तूच सांगून राहिली."

"मला त्यातून काही शिकायचं आहे."

"शिक ना. तिच्या झाडावर कायले?"

त्यांनी कुंडी गजावरून उतरवली. "हे मी नेतो. मातीत नाई लावत. ताण बी नाई देत. जशी हाये तशी ठेवतो." बसस्टँडवर मी त्यांना सोडायला गेले. कुंडी मांडीवर घेऊन ते खिडकीशी बसले होते. बस निघताना त्यांनी एका हाताने पाने झाकली, वारा लागू नये म्हणून.

त्या दिवसापासून दोन कुंड्या दोन गावांत झाल्या, आणि खरे तर माझी तुलना तिथेच संपली. तरी मी मनात धरून राहिले की निदान आतले साहित्य तरी वेगळे आहे, तेवढा फरक पक्का आहे. वर्षश्राद्धाला गेले तेव्हा झाड छपरीत, पन्हाळीपासून दूर टांगलेले होते. पाने ताठ होती. मी मुळे पाहायला हात पुढे केला.

"पाहा फक्त," भाऊजी म्हणाले. "हात नको लावू."

आत मशीन सुरू होते. जेवायला बसलेले लोक त्याच्याकडे पाहत होते आणि पाहत नसल्यासारखे करत होते.

आश्विनात भाऊजी पुन्हा आले, या वेळी खोक्यासाठी. मोहगावला एका म्हाताऱ्या गृहस्थांना मशीनची गरज पडली होती.

"देऊन टाकता?"

"रिकामी चालवून काय फायदा? तिथं माणूस श्वासाले तरसून राहिला. खोका दे, बरोबर बांधून पाठवतो. तुह्याकडं अर्धं थर्माकोल असंन ना?"

"वरचा भाग आहे."

"अर्धं तर अर्धं."

गॅरंटी तोपर्यंत संपली होती. मी खोका सज्ज्यावरून काढून दिला. सज्ज्यावर त्याच्या आकाराची धूळ नसलेली चौकोनी जागा राहिली. ती मी दुसऱ्या दिवशी पुसली.

हिवाळ्यात माझ्याकडच्या झाडाला एक नवे पान आले. दांडी आली नाही. माझी खोली बंद असते, रात्री थंडी आत येत नाही. या जातीला दांडी धरायला काही आठवडे गार रात्री लागतात असे वाचले होते. खिडकी उघडी ठेवायचे मनात येई आणि राहून जाई.

फाल्गुनात सकाळी फोन वाजला.

"मास्तरीणबाई."

"हो, भाऊजी."

"आलं."

"काय आलं?"

"काय येईन? संत्रं? फूल आलं."

"केव्हा?"

"दांडी तर संक्रांतीपासूनच होती. तुले सांगतलं नाई. गळालं असतं तर? ये पाहाले."

मी माझी कुंडीही बरोबर घेतली. का घेतली ते मला सांगता येत नाही. सौंसरला बस बदलून रामाकोन्याला पोचले तेव्हा ऊन वर आले होते. फाटक उघडले. आवाज नव्हता. बगीच्यात आंबिया बहार फुललेला होता आणि त्याचा वास सगळ्या आवारात होता. दरवर्षी असतो.

छपरीत भाऊजी खुर्ची टाकून बसले होते. दांडीवर दोन फुले उघडली होती, तीन कळ्या बाकी होत्या. फूल पांढरे, मध्यभागी जांभळट, पाकळ्या जाड आणि किंचित मेणचट. त्याला वास नाही. मी जवळून पाहिले. हे फूल पाहिल्यावर आपल्याला काहीतरी होईल, असे मी बसमध्ये धरून चालले होते. मी पाकळ्या मोजल्या. पुस्तकात दिल्याप्रमाणे होत्या.

"तिले सांगतलं सकाळी," भाऊजी म्हणाले. त्यांनी कोठे पाहून सांगितले असेल ते मी विचारले नाही.

"आता तरी हात लावू?"

"लाव. आता काय."

तळाची भोके मोकळी आहेत का ते पाहण्यासाठी मी कुंडी उचलली. ती एकदम वर आली. माझ्या हाताने कवेलूच्या वजनाची तयारी केली होती, आणि वजन नव्हते.

"भाऊजी, यातले कवेलू कुठे आहेत?"

"काढले."

"आत काय आहे?"

ते दांडीकडे पाहत राहिले. "थर्माकोल."

"कोणतं?"

"खोक्यातलं. वरचं."

"आणि मशीन?"

"गोधडीत गेली. जशी आली तशी." मग आवाज न चढवता, "एकट्या तिलेच काहून नाई देयाचं?"

मी कुंडी पुन्हा आकड्याला टांगली. सालट्यांच्या कडेला थर्माकोलचे तुकडे दिसत होते, ओबडधोबड, कुठे मोठे, कुठे चुरा. एका मुळाने एका तुकड्याला पूर्ण वेढा घातला होता आणि टोक त्यात रुतवले होते. असे झाल्यावर तुकडा वेगळा काढता येत नाही. ओढला तर मूळ तुटते.

"भाऊजी, आता फूल कशामुळे आलं हे सांगता येणार नाही. थर्माकोलमुळे, की इथल्या गार रात्रींमुळे, की नुसतं वय झालं म्हणून."

"नको सांगू."

"मी लिहिणार होते यावर."

"मंग लिही ना असंच. सांगता येत नाई म्हणा." ते उठले, मी आणून ठेवलेली दुसरी कुंडी उचलली आणि पहिलीच्या शेजारी आकड्याला टांगली. "हे बी राहू दे इथं. तुह्या घरी फुलत नाई ते."

मी ती परत मागितली नाही. दुपारी जेवलो. भाऊजींनी वाढले. घर इतके शांत होते की ताटाला चमचा लागल्याचा आवाज येई, आणि दोघेही तो लागू नये असे जेवत होतो. निघताना छपरीत पुन्हा एकदा पाहिले. दोन्ही कुंड्यांत एकच थर्माकोल होते, दोन्ही एकाच वाऱ्यात टांगलेल्या होत्या. तुलनेसाठी आता माझ्याजवळ काहीही उरले नव्हते.

तेव्हा माझ्या प्रश्नाचे उत्तर असे. तळाशी थर म्हणून घातलेल्या थर्माकोलने माझ्या कुंडीतले पाणी लवकर गेले नाही. सालट्यांत मिसळल्यावर कुंडी लवकर सुकली असे मला दिसले. त्याने वजन कमी होते, आणि त्याच कारणाने कुंडी तरंगते व वाऱ्याने आपटते. त्यामुळे फूल येते का, हे मला माहीत नाही.

ज्यांच्याकडे एकाच जातीची दोन झाडे असतील त्यांनी ती एकाच जागी टांगून, एकात थर्माकोल घालून आणि दुसऱ्यात न घालता, हे सगळे स्वतः तपासून पाहावे, ही विनंती. घरातल्या माणसांना मात्र ते आधी सांगून ठेवावे.